खालच्या फळीवरची बाटली

झाकण टेबलावर उताणं पडलं होतं. झालं एवढंच होतं. एलिझर वाकरूळकर न्हाव्याकडून परत आले, उंबऱ्याशी चपला काढल्या, मानेला चिकटलेले बारीक केस रुमालानं झटकत पाणी प्यायला म्हणून आत वळले, तांब्या उचलला, आणि मेणकापडावर ते लाल पत्र्याचं झाकण दिसलं. क्षणभर त्यांना वाटलं, औषधाच्या बाटलीचं असेल. माणूस आधी स्वतःची अशीच समजूत घालतो. पण झाकणाशेजारी बाटली उभी होती, तिचा गळा रिकामा झाला होता, आणि बाटलीच्या पलीकडं चांदीचा पेला मांडला होता, दर शुक्रवारी मांडतात तसाच, वर बायकोनं, सेगुलानं, विणलेला जाळीचा रुमाल घालून. जाळीच्या मधोमध एक जांभळट डाग उमटला होता. आतून पातेलं घासल्याचा आवाज येत होता. "आलात व्हय, सायब?" दगडाबाईनं आतूनच विचारलं. "आज येळेवर समदं मांडून ठिवलंय बघा. तुमची ती बाटली बी उघडली." तिच्या आवाजात कौतुक होतं, स्वतःचंच. एलिझर होते तिथंच उभे राहिले. तांब्या हातात होता आणि तो तोंडाला लावायचा आहे हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही.

आता एका बाटलीचं एवढं काय, असं कुणीही म्हणेल. एलिझरांची तर हयात आबकारी खात्यात गेली. बाटल्या त्यांनी पाहिल्या त्या पोत्यापोत्यांनी. गंगापूरच्या उसात पुरलेल्या, वैजापूरला कापसाच्या गंजीखाली दडवलेल्या, नवसागराच्या, सडक्या गुळाच्या. बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, थुंकायचं आणि पंचनामा करायचा. चव घ्यायची ती गुन्हा सापडावा म्हणून. पस्तीस वर्षांत एकदाही एखादी चीज आवडावी म्हणून त्यांनी जिभेवर ठेवली नव्हती, आणि रिटायर झाल्यावरही जीभ काही रिटायर झाली नाही. वरणात हिंग जास्त, दुधात पाणी, चहा कालच्या पत्तीचा. तिला आधी खोट सापडायची. पण ही बाटली बिन्यानं आणलेली. बिन्या म्हणजे धाकट्या भावाचा मुलगा, बिन्यामिन. सात वर्षांचा असताना आईबापाबरोबर इस्राएलला गेला, तो आता पस्तिशीचा, दाढी राखलेला, डोक्यावरची टोपी झोपतानाही न काढणारा गडी होऊन मागच्या रविवारी आला होता. वेरूळला नेतो म्हटलं तर नको म्हणाला, तिथं मूर्ती आहेत. पाणचक्की पाहिली, छावणीच्या ज्या मैदानात पतंग उडवायचा ते मैदान पाहिलं, आणि बुधवारी मुंबईला निघताना पिशवीतून बाटली काढली. "काका, भारी नाही हं," तो त्याच्या गंजलेल्या मराठीत म्हणाला, "आमच्या दुकानात अगदी खालच्या फळीवर असते ही. रोजंदारीवाले नेतात. पण कोशेर आहे. द्राक्षं पिळण्यापासून झाकण बसवण्यापर्यंत फक्त आपल्या माणसाचा हात."

कोशेर म्हणजे धर्माला चालणारी, एवढं एलिझरांना ठाऊक होतं. पुढचं नव्हतं. बंद आहे तोवर कुणीही उचलावी, बिन्या म्हणाला, पण एकदा उघडली की तुम्हीच ओतायची, तुम्हीच ठेवायची. दुसऱ्या कुणाचा हात लागला की गेली. मग किद्दुशला, म्हणजे शुक्रवारच्या पेल्यावरच्या आशीर्वादाला, चालत नाही, पिता पण येत नाही. "दुसऱ्या कुणाचा म्हणजे?" एलिझरांनी विचारलं. बिन्यानं नुसतं स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. आत दगडाबाई भाकरी थापत होती. याच बिन्यानं लहानपणी तिच्या हातची भाकरी तव्यावरून उतरायच्या आत मागून मागून खाल्ली होती. या खेपेला चार दिवस तो केळी आणि स्वतः आणलेली बिस्किटं खाऊन राहिला. "पोट बिघडलंय व्हय रं बाबा?" दगडाबाई रोज विचारायची, आणि तो रोज मान हलवायचा.

सांगायला बुधवारची संध्याकाळ होती, अख्खा गुरुवार होता. वाक्य तर केवढंसं! ‘दगडाबाई, त्या बाटलीला हात लावू नका.’ एलिझरांनी ते अंघोळ करताना मनात म्हणून पाहिलं, छावणीच्या बाजारातून मेथीची जुडी घेऊन येताना म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी ‘हात लावू नका’पाशी आवाज अडायचा. कुणाला सांगायचं हे? दगडाबाईला? भावसिंगपुऱ्याच्या भीमनगरातून एकतीस वर्षं रोज चालत येणाऱ्या बाईला? फुलंब्रीकडं तिच्या गावात आडावर तिची आई ओंजळ धरून उभी राहायची आणि वरून कुणीतरी पाणी ओतायचं, मनात येईल तेव्हा. हे तिनंच एकदा सेगुलाला भांडी विसळता विसळता सांगितलं होतं, आवाज जराही न चढवता. तीन वर्षांमागं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं तेव्हा भल्या सकाळी ती पेढे घेऊन आली होती, आणि पेढा एलिझरांच्या हातावर न ठेवता तिनं तोंडातच घातला होता, घरच्या माणसाला घालावा तसा. तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? तेव्हा त्यांनी बाटली कपाटावर ठेवली, जुन्या सुटकेसच्या मागं. दिसली तर विचारेल, विचारलं तर बघू. बघू! हा त्यांचा जन्माचा शब्द. आणि शुक्रवारी शब्बाथसाठी, संध्याकाळी लागणाऱ्या विसाव्याच्या दिवसासाठी, ती घर झाडते, कपाटाच्या डोक्यावरचीही धूळ पुसते, हे एकतीस वर्षं पाहूनही त्यांच्या डोक्यात आलं नाही. वा रे इन्स्पेक्टर!

दगडाबाई पदराला हात पुसत बाहेर आली. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, कपाळ मोकळं, डोळे मात्र तरण्या पोरीचे. "लई आंबट हाय हो," ती म्हणाली. "चमचाभर चाखून बघितली. म्हटलं एवढ्या लांबून आलीया, वाटंत खराब झाली असंल. बाईंच्या शरबताची काय सर नाय तिला. मंग पेल्यात दोन चमचे साखर घातली अन् ढवळली. बाटलीतली हाय तशीच हाय." "बाई असत्या तर कसल्या खूश झाल्या असत्या, नाय का? खरी पायजे, खरी पायजे, लई नाद व्हता त्यांला." आणि ती हसली. पुढचे दोन दात नव्हते, म्हणून ती हसताना ओठांवर पदर घ्यायची. या घरात मात्र घ्यायची नाही.

नाद होता खरा. सेगुलाचं शरबत म्हणजे काळ्या मनुकांचं. शहागंजात चांदपाशाच्या दुकानातून पावशेर आणायच्या, आणि तोही बाईंचा माल म्हणून देठ काढून ठेवायचा. "भाभी के मनुके हैं, इसमें कंकर नक्को," असं पोऱ्यावर खेकसायचा. गुरुवारी भिजत घालायच्या, शुक्रवारी कुस्करून मलमलीतून गाळायच्या, झालं शरबत. कोकणातून निघालेल्या बेने इस्राएल ज्यूंनी जिथं द्राक्षाची दारू मिळत नाही तिथं असंच भागवलं, पिढ्यान्‌पिढ्या. निजामाची राजवट पोलिस ॲक्शननं संपली तेव्हा मुंबई सरकारनं इकडं जी माणसं उसनी धाडली त्यांत एलिझरांचे वडील होते, अलिबागचे ओव्हरसियर. येताना त्यांनी हा चांदीचा पेला आणला, तेलाचा काचेचा दिवा आणला, आणि एलिझरांच्या आईनं आणखी एक गोष्ट आणली, तिला वजन नव्हतं. लग्न होऊन महिना झाला नसेल तेव्हा आईच्या कानावर आलं की सेगुलाची आजी बाहेरची होती. रेवदंड्याच्या कुठल्याशा कोळ्याघरची. म्हणजे सूनबाई काळ्यांतली निघाली. बेने इस्राएलांत गोरे आणि काळे असे दोन तट होते. कातडीशी संबंध नाही. सेगुला एलिझरांपेक्षा चांगली दोन हात उजळ होती. संबंध कुणाच्या तरी आजीशी. आईनं आदळआपट केली नाही. ती फक्त शुक्रवारचा पेला स्वतः धुऊ लागली. आशीर्वाद म्हणून झाला की वडील पीत, मग आई, मग एलिझर, आणि मग आई पेला उपडा घालायची. सेगुला दारात उभी. एकदा, लग्नाला वर्ष झालं असेल, तिनं हात पुढं केला होता. आई अगदी मऊ आवाजात म्हणाली, "असू दे बाळ, मी ठेवते." एलिझरांनी दिव्याकडं पाहिलं. दिव्याची वात जरा काजळली होती. इतक्या वर्षांनीही त्यांना ती वातच आठवते, सेगुलाचा चेहरा आठवत नाही, कारण तो त्यांनी पाहिलाच नव्हता.

तेरा वर्षं. एकाहत्तरला आई गेली. सुतक संपल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी सेगुलानं स्वतः मनुका भिजवल्या, गाळल्या, पेला भरला, एलिझरांनी आशीर्वाद म्हटला, आणि मग ती प्याली. प्याली आणि थांबली. "अहो, हे तर नुसतं मनुकांचं पाणी आहे," ती म्हणाली, आणि हसायला लागली. हसता हसता खाली बसली, पदर तोंडात कोंबला, आणि ते हसणं कधी रडण्यात गेलं ते कुणाला कळलं नाही. दगडाबाई धावत बाहेर आली, तिनं सेगुलाला पोटाशी धरलं. एलिझर पेला हातात धरून उभे. दुसऱ्या दिवशी सेगुलानं मोरीजवळच्या खिडकीतला कान तुटका कप उकिरड्यावर फेकला. आईनं तो दगडाबाईच्या चहासाठी वेगळा ठेवला होता, पाच वर्षं. सेगुलानं गुलमंडीवरून दोन स्टीलचे पेले आणले, नावं घालून आणली. एकावर ‘सेगुला’, दुसऱ्यावर ‘दगडाबाई’. दोन्ही मांडणीवर शेजारी शेजारी ठेवले, घरच्या इतर पेल्यांच्या रांगेत. तेव्हापासून दर शुक्रवारी आशीर्वाद झाला की आधी दगडाबाईचा पेला भरायचा. आणि तेव्हापासूनच सेगुलाचं ते सुरू झालं, एकदा खरी प्यायची, द्राक्षाची. "आम्ही दोघी दारात उभ्या राहिलो ते नेमकं कशासाठी, ते एकदा कळू दे तरी," म्हणायची. सहा वर्षांपूर्वी सेगुला गेली. मनुका दगडाबाई भिजवू लागली. तिनं कुणाला विचारलं नाही, कुणी तिला सांगितलं नाही. एलिझर आशीर्वाद म्हणायचे, प्यायचे, तिच्या पेल्यात ओतायचे; ती स्वयंपाकघराच्या दाराला टेकून प्यायची आणि "आज पानी जास्त झालं" किंवा "आज बाईंसारखं झालं" असं काहीतरी म्हणून, "येते, सायब" करून जायची. गावात एके काळी बेने इस्राएलांची पाच घरं होती, आता एक माणूस होता. त्या एका माणसाशी आठवड्यातून एवढं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. हे गेलं की संपलं, हे एलिझरांना पक्कं माहीत होतं.

"बसा की. उन्हं उतरली," दगडाबाई म्हणाली. फेब्रुवारीचं ऊन खिडकीतून टेबलापर्यंत आलं होतं आणि बाटलीतून आरपार जाऊन मेणकापडावर एक लाल चकती पडली होती. एलिझर खुर्चीवर बसले. प्यावं, आशीर्वाद म्हणावा आणि प्यावं. कोण बघतंय? बिन्या विमानात बसला. देवाचं म्हणाल तर इतकी वर्षं त्यानं मनुकांच्या पाण्यावर भागवून घेतलं, त्याला दगडाबाईच्या हाताचं काय! त्यांनी रुमाल बाजूला केला. पेल्यात वाइन शांत होती, काठाशी न विरघळलेल्या साखरेचे दोन कण. त्यांनी हात पुढं केला. आणि हात, काय सांगावं, पेल्याच्या चार बोटं अलीकडं थांबला. त्यांनी थांबवला नाही, तो थांबला. असू दे बाळ, मी ठेवते. हे कुणी म्हटलं नव्हतं, खोलीत त्या दोघांखेरीज कुणी नव्हतं. पण सगळ्या हयातीत पहिल्यांदा खरी चीज दारात आली होती, तिला नियम होता, आणि नियम मोडला तर मग ती खरी कशी? मग मनुकांचं पाणी काय वाईट होतं? असा काहीतरी विचार होता तो. म्हणजे नंतर त्यांनी त्याला विचार म्हटलं. त्या घटकेला ती नुसती किळस होती, छातीच्या खाली, बारीकशी. आणि ती किळस त्यांच्या ओळखीची होती. ती त्यांनी आईच्या तोंडावर पाहिली होती. अरे देवा, त्यांना वाटलं, ही माझ्यात होती तर. इतकी वर्षं माझ्याच पोटात बसून होती.

मग ते बोलले. गप्प बसले असते तरी निभावलं असतं. जन्मभर जे केलं तेच एकदा उपयोगाला आलं असतं. पण ते बोलले. "दगडाबाई," ते म्हणाले, "घरात मनुका आहेत का?"

दगडाबाई दाराला टेकलेली होती, ती सरळ झाली. "हायेत की. डब्यात हायेत," ती म्हणाली. "पन मनुका कशाला? आज तर ही..." आणि थांबली. तिनं पेल्याकडं पाहिलं. मग टेबलावर चार बोटं अलीकडं पडलेल्या एलिझरांच्या हाताकडं पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडं, उजव्या, ओलाच होता अजून. समजावून सांगायची वेळच आली नाही. जे शिकायला एलिझरांना बिन्या लागला, ते ती चालायला शिकायच्या आत शिकली होती. "त्यासाठी बिन्या खात नव्हता व्हय," ती हळूच म्हणाली. "मी म्हनते पोट बिघडलं." एलिझर म्हणाले, "तसं नाही हो, ते त्यांच्याकडं नियम..." आणि वाक्य तिथंच राहिलं. तिनं ते पुरं होण्याची वाट पाहिली. खरोखर पाहिली, चांगली चारपाच श्वासांएवढी ती उभी होती, आणि एलिझरांना कळत होतं की आता काहीही म्हटलं तरी चालेल, शिवी दिली तरी चालेल, पेला उचलून एका दमात घशाखाली ओतला तर फारच चालेल. त्यांनी दिव्याकडं पाहिलं. दिवा अजून लावायचा होता.

"मनुका भिजाया बी मीच घालनार ना, सायब?" दगडाबाई म्हणाली. चिडून नाही, खरंच विचारावं तशी. "सहा वरसं मीच घालते." आणि मग, "आज लई दिसांनी थोरल्या बाई आल्या घरात." थोरल्या बाई म्हणजे एलिझरांची आई. तिनं पेला उचलायला हात पुढं केला आणि मागं घेतला. "ह्यो मी धुवू का तुमी धुता?"

"धुवा की," एलिझर घाईनं म्हणाले. "धुवा, धुवा." जणू आपण काही मोठं देतो आहोत. तिनं पेला नेला. वाइन मोरीत गेल्याचा आवाज आला, एवढासाच, मग बराच वेळ पाण्याचा. तिनं पेला कोरडा करून आणला आणि टेबलावर उपडा घातला. चांदी चकचकत होती. दिव्यात तेल घातलं, काडेपेटी जवळ ठेवली, चपात्यांवर ताट झाकलं, तव्याखालचा गॅस बंद आहे ना पाहिलं. रोजच्यासारखं सगळं. स्वयंपाकघरात तिची थोडी खुडबूड झाली, पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला. मग ती दारात आली, चपलांत पाय घातले. "येते, सायब," म्हणाली. नेहमीसारखीच म्हणाली. एलिझरांच्या छातीवरचा दगड जरा हलला. चला, येते म्हणाली. राग असता तर म्हणाली असती का?

दिवा त्यांनी सूर्य बुडायच्या जरा आधी लावला. आशीर्वाद चपातीवरही म्हणता येतो, वडील प्रवासात तसंच करत. पण दोन शब्दांच्या पुढं आवाज गेला नाही. चपाती मिठाला लावून खाल्ली. बाटली समोरच होती. तिला आता काही नियम उरला नव्हता, गेलेली चीज ती; ओतून द्यायची तर ओतून द्या. ते उठले, बाटली मोरीपर्यंत नेली, आणि तिथं पालथ्या पडलेल्या चहाच्या कपात थोडी ओतली. का, ते सांगता येणार नाही. तिथंच उभ्यानं, मोरीच्या कट्ट्याला टेकून. चव बघण्याची तीच त्यांची सवयीची जागा, उभ्यानं आणि थुंकायला जवळ.

पहिला घोट जिभेनं तपासला. नवसागर नाही, गूळ नाही, जळकट काही नाही. आंबट होती, दगडाबाई खोटं बोलली नव्हती. पण चिंचेचा आंबटपणा दातांना लागतो तसा हा लागत नव्हता, तो जिभेच्या कडांवरून मागं गेला आणि तिथं थांबला. मग जीभ आवळली गेली, जांभळं खाल्ल्यावर आवळते तशी. गुन्हा सापडेना. एलिझरांनी थुंकलं नाही. गिळल्यावर छातीत एक ऊब उतरत गेली, आणि ती खाली पोचेपर्यंत तोंडात, कुणी मागितला नसताना, हलकासा गोडवा आला. साखरेचा नव्हे. उन्हात पिकलेल्या कशाचा तरी. दुसऱ्या घोटाला त्यांनी आधी वास घेतला. आधी काहीच नाही, मग ओल्या लाकडासारखा, मग करवंदांच्या जाळीत शिरल्यावर येतो तसा. अलिबागच्या मागच्या डोंगरावर करवंदं असायची. पंधराव्या वर्षी सुटलेला तो डोंगर आज कपात येऊन बसला होता. तिसरा घोट त्यांनी तोंडात धरून ठेवला, घाई केली नाही, डोळे मिटले. खालच्या फळीवरची! रोजंदारीवाल्यांची! कुणी एक दिवसभर उन्हात राबलेला माणूस घरी येतो, पाय पसरतो आणि हिचा घोट घेतो. त्याच्यासाठीच केलेली होती ही, साहेबासाठी नव्हे. हिच्यात मिजास नव्हती. "छान आहे ग," एलिझर मोठ्यानं म्हणाले. सेगुलाला म्हणाले. "अग, आंबट नाही, हिची चव मागून येते. थांबावं लागतं." त्यांचा आवाज रिकाम्या स्वयंपाकघरात जरा जास्तच मोठा वाटला. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा जीभ खोट शोधायची थांबली होती, आणि आवडलं हे सांगायला घरात माणूस नव्हतं.

चवथ्या घोटाबरोबर धीर आला. हसू नका, त्या उबेनं खरोखरच धीर आला त्यांना. उद्या शनिवार. शब्बाथला ते विस्तव पेटवत नाहीत. सकाळी आठला दगडाबाई येते, तीच गॅस पेटवते, एकतीस वर्षं तिच्याच हातानं या घरात शनिवारचा चहा होतो. उद्या आली की तिला खुर्चीवर बसवायचं. दारात नाही, खुर्चीवर. तिच्या पेल्यात ओतायची, साखर न घालता, आणि म्हणायचं, दगडाबाई, गिळल्यावर जरा थांबा, मग बोला. पहिला घोट तुमचा. माझं चुकलं म्हणायचं. शब्द केवढासा, तोही मनात म्हणून पाहिला आणि नवल म्हणजे कुठं अडला नाही. आईचं, सेगुलाचं, सगळंच त्यात येऊन जाईल. आणि हे ‘बघू’ नाही; हे उद्याच. सकाळी परत भीड पडायला नको म्हणून तिचा पेला आत्ताच काढून बाटलीशेजारी ठेवावा असं त्यांना वाटलं, म्हणजे आल्या आल्या तिला दिसेल. कप हातात घेऊनच ते मांडणीकडं वळले. दिव्याचा उजेड तिथवर जेमतेम पोचत होता. पेल्यांची रांग होती. त्यांनी बोटानं एकेकाच्या अंगावरून नावं चाचपली. वडिलांचं. आईचं. त्यांचं स्वतःचं. सेगुला. सेगुलाच्या पलीकडं बोट रिकाम्या फळीवर टेकलं. फळीवरच्या कागदाचा रंग उडाला होता, तिथं मात्र एक वाटोळा ठसा जुन्याच रंगाचा, कोरा, राहिला होता.

पिशवीची चेन त्यांनी ऐकली होती. ऐकली होती आणि त्याच वेळी, येते म्हणाली, येते म्हणाली, असं स्वतःला समजावत होते. ते तर सगळेच म्हणतात. बिन्याही म्हणाला होता परवा, "येतो, काका." सेगुलाही म्हणाली होती, रिक्षात बसून दवाखान्यात जाताना, "येते हं." चवथा घोट घशाखाली गेला होता, आणि त्याची ती मागून येणारी चव आता येत होती, अगदी सावकाश, आधीच्या तिन्ही घोटांपेक्षा चांगली. एलिझर मांडणीपाशी उभे राहिले. दिवा आपोआप विझेपर्यंत जळेल, शब्बाथला तो विझवत नाहीत. सकाळी गॅस पेटवायला कुणी येणार नव्हतं.